तबकडीवरील नाव

आपल्या मंडळींच्या घरी आई-आजीच्या दागिन्यांच्या डबीत एक लहानसे किल्लीचे मनगटी घड्याळ बहुधा असतेच. ते कोणाचे हे ठाऊक असते; कोणत्या नावाचे, कोणत्या काळचे, हे सांगणारे माणूस मात्र घरात उरलेले नसते. बंगळूरकर म्हणविणाऱ्या आम्हांस हे अज्ञान शोभत नाही. त्यांतील पुष्कळ घड्याळांचे माहेर याच गावी आहे.

1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीने येथे मनगटी घड्याळांचा कारखाना काढला. पहिली घड्याळे पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. तोवर चांगले घड्याळ म्हणजे स्वित्झर्लंडचे, अशीच समजूत. 'जनता', 'पायलट' यांच्याप्रमाणे स्त्रियांसाठी 'सुजाता' निघाले आणि शिक्षिका, परिचारिका, कचेरीत जाणाऱ्या मुली यांना स्वतःच्या पगारातून देशी घड्याळ घेता येऊ लागले. कारखान्यात जुळणीच्या बारीक कामावरही पुष्कळ स्त्रिया होत्या.

तबकडीवर 'सुजाता' वाचले की घरचे निश्चिंत होतात. आमच्या मते खरी चौकशी तेथूनच सुरू होते. फिकी तबकडी पुसून नव्याने रंगविण्याची रीत जुनी आहे आणि रंगविणारा कोणते नाव घालील याचा नेम नाही. शिवाजीनगरात, 1927 च्या रसेल मार्केटच्या आसपास, जुने घड्याळ घेणाऱ्याने हे ध्यानी धरावे. (या भागाचे पूर्वीचे नाव ब्लॅकपल्ली, तेव्हा नाव बदलण्याचे नवल येथे कोणास वाटू नये!) अक्षरे जाड, मिनिटांच्या रेघा वाकड्या दिसल्या, तर तबकडी मूळची नाही असा संशय घ्यावा. मग पाठचे झाकण घड्याळजीकडूनच उघडवावे. आतील यंत्रावरील कोरीव मजकूर तबकडीशी जुळतो का, ते पाहावे. झाकणावरील आकडा म्हणजे घड्याळाचे नाव नव्हे. एचएमटीच्या जोडीला सिटिझनचेही नाव असेल, तर घड्याळ आरंभीच्या वर्षांतले धरण्यास हरकत नाही. यंत्र क्वार्ट्झचे निघाले, तर मात्र ते नेहरूंच्या काळचे ही घरची कथा सोडावी लागेल. तसले मनगटी घड्याळ जपानातच 1969 च्या अखेरीस प्रथम विक्रीस आले.

एवढ्यानेही नाव लागले नाही, तरी तबकडी रंगवून घेऊ नये. 2016 च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. पुसट का होईना, जे मूळचे आहे त्याची भरपाई आता होणार नाही. 2019 पासून जालहळ्ळीस एचएमटीचे संग्रहालय असून तेथे जुनी घड्याळे मांडलेली आहेत. परगावच्या आप्तांनी बंगळूरला येताना डबीतले घड्याळ सोबत आणावे.