वर्णनाची वही

१९६९ हे वर्ष लिखित मजकुराच्या इतिहासात दोन कारणांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी १७ जुलै रोजी भारत सरकारने म्हैसूर येथे भारतीय भाषा संस्थान स्थापन केले. आणि त्याच वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी युनिक्स या संगणकव्यवस्थेसाठी ‘एड’ नावाचा मजकूर-संपादक लिहिला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. दोहोंपुढील प्रश्न मात्र एकाच जातीचा होता. ज्यांचे वळण एकमेकांशी जुळत नाही, अशा अनेकांचा व्यवहार एकत्र कसा चालवावयाचा?

मजकूर-संपादक म्हणजे येथे कोणी विद्वान गृहस्थ नव्हे. संगणकावर मजकूर लिहिण्याची व दुरुस्त करण्याची ती आज्ञावली होय. ‘एड’च्या काळी संगणकाशी बोलण्याचे साधन, म्हणजे टर्मिनल, हे बहुधा कागदावर टंकन करणारे दूरमुद्रक यंत्र असे. टेलिटाइप ३३ हे प्रसिद्ध यंत्र सेकंदाला दहा अक्षरे उमटवी. उमटलेले अक्षर पुसण्याची सोय नसे. ओळीचा क्रमांक सांगावा, ती छापून पाहावी आणि मग दुरुस्तीचा हुकूम द्यावा, अशी रीत होती.

पुढे कागदाच्या जागी काचेचा पडदा आला आणि लेखक मजकुरात हवा तेथे फिरू लागला. परंतु नवी अडचण तेथेच सुरू झाली. पडदा पुसण्याचा संकेत एका कारखान्याचा एक, तर दुसऱ्याचा दुसराच. एका टर्मिनलसाठी लिहिलेला संपादक दुसऱ्यावर चालविला, की पडद्यावर अर्थहीन चिन्हांचा सडा पडे. बर्कली विद्यापीठातील बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास ‘व्हीआय’ संपादकाची पायाभरणी केली. त्यांनी वापरलेल्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाणांच्या खुणा एच, जे, के, एल या कळांवर छापलेल्या होत्या. ते टर्मिनल केव्हाच नामशेष झाले. त्या संपादकाच्या वंशजांत मात्र त्याच कळा अद्याप तेच काम करतात.

या अडचणीवर १९७८ मध्ये जॉय यांनी काढलेला तोडगा साधा होता. ‘टर्मकॅप’ नावाच्या एका वहीत प्रत्येक टर्मिनलचे वर्णन लिहून ठेवावयाचे: स्तंभ किती, ओळी किती, पडदा पुसण्याचा संकेत कोणता. संपादकाने यंत्राचे नाव विचारावे, वही उघडावी आणि तीत लिहिल्याप्रमाणे वागावे. सर्व यंत्रे एकसारखी करण्याचा हट्ट येथे नव्हता; प्रत्येकाचा स्वभाव नोंदविण्याची चिकाटी होती.

माउसने या व्यवस्थेची पुन्हा परीक्षा घेतली. डग्लस एंगलबार्ट यांनी माउसचे जाहीर प्रात्यक्षिक १९६८ मध्येच दाखविले होते. परंतु टर्मिनलकडून संगणकाकडे जाणारी वाट एकच, आणि तीही अक्षरांची. तेव्हा टर्मिनलची सोंगे वठविणाऱ्या ‘एक्सटर्म’सारख्या आज्ञावल्यांनी माउसच्या जागेचेच अक्षर केले. स्तंभाच्या क्रमांकात ३२ मिळवून ते एकच अक्षर म्हणून धाडीत. त्यामुळे २२३ च्या पलीकडचा स्तंभ सांगता येईना. पडदे रुंद झाले तेव्हा क्रमांक साध्या अंकांत लिहून पाठविण्याची रीत पाडावी लागली.

या साऱ्या व्यवस्थेत एक गृहीत मुकाट्याने दडलेले होते: एका अक्षरास एक घर. रोमन लिपीस ते पुरले; मराठीस पुरेना. ‘क्षि’ हे अक्षर क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व इकार अशा चार संकेतांनी साठविले जाते; वेलांटी दिसते आरंभी, साठविली जाते शेवटी. त्यावर माउस टेकविला, तर तो नेमका कशावर टेकला? कानपूरच्या आयआयटीत आरंभ होऊन पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या ‘जिस्ट’ तंत्राने अक्षरजुळणीचे काम स्वतंत्र कार्डाकडे व टर्मिनलकडे सोपविले. १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकाने इंग्रजी संकेतांना धक्का न लावता वरच्या रिकाम्या अर्ध्यात भारतीय लिप्यांना समान संकेत दिले. त्यामुळे एकच साठविलेला मजकूर देवनागरीत वा कन्नडमध्ये दाखविता येऊ लागला.

म्हैसूरच्या संस्थेचे कार्य येथे या इतिहासाला येऊन मिळते. १९९१ नंतर शासनाच्या योजनेतून भारतीय भाषांचे मजकूरसंचय यंत्रावर उतरू लागले. कन्नड, तमिळ, तेलुगू व मलयाळम या भाषांचे काम म्हैसूरने केले. मराठी व गुजरातीचे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने. भाषा प्रत्यक्षात कशी लिहिली जाते, याची ती वर्णनवहीच होय.

अनेक टर्मिनलांत आजही देवनागरीची जोडाक्षरे विस्कटतात आणि खूण भलत्याच घरात उभी राहते. याचा दोष लिपीकडे जात नाही. वही लिहिणाऱ्यांच्या नजरेसमोर ती नव्हती, इतकेच. दप्तराचा जुना अनुभव येथेही खरा ठरतो: ज्याची नोंद नाही, त्याची सोय नाही. म्हणून आपल्या भाषेची नोंद नेटाने करणे, हे तिच्या भाषकांचे काम आहे.