धारक प्रकार, संगणकीय : स्ट्रक्ट व क्लास
अनेक मूल्ये एकत्र साठविण्यासाठी संगणकीय कार्यक्रमात योजलेल्या प्रकारास धारक किंवा कंटेनर प्रकार म्हणतात. सूची, संच व कोश हे असे प्रकार होत. धारक स्ट्रक्ट म्हणून रचावा की क्लास म्हणून, हा वाद वरवर शब्दांचा वाटतो. वस्तुतः एका चलाचे मूल्य दुसऱ्या चलास दिले असता सबंध साठ्याची प्रत निघावी, की दोन्ही नावांनी एकच साठा दर्शविला जावा, हा खरा प्रश्न आहे. प्रत काढण्यात वेळ व स्मृती खर्ची पडते. साठा सामायिक ठेवल्यास एका ठिकाणचा फेरफार दुसरीकडे नकळत उमटतो.

क्लासची संकल्पना ओले-योहान डाल व क्रिस्टेन न्यूगोर यांनी ऑस्लो येथे १९६७ मध्ये रचलेल्या सिम्युला ६७ या भाषेत आली. ही भाषा सदृशीकरणाच्या कामातून निघाली होती. रांगेतील ग्राहकाची प्रत काढण्यात अर्थ नसतो, त्याचा निर्देश पुरतो. उलटपक्षी, डेनिस रिची यांच्या सी भाषेतील स्ट्रक्ट म्हणजे सलग स्मृतिस्थानांचा गट. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सी भाषेत पुन्हा लिहिण्यास त्याचाच आधार मिळाला.

ब्यार्ने स्ट्राउस्ट्रप यांच्या सी++ भाषेत हे दोन्ही शब्द आले, पण त्यांतील भेद घटक मुळात खुले की खाजगी एवढाच उरला. अलेक्झांडर स्टेपानोव्ह व मेंग ली यांचा धारकसंग्रह १९९४ मध्ये तिच्या नियोजित मानकासाठी स्वीकारला गेला. त्यातील धारकांची, शब्द कोणताही असो, प्रतच निघते. जावाने (१९९५) नेमका उलट मार्ग धरला : तेथे धारक निर्देशानेच हाताळले जातात.

सी शार्प भाषेत (२००२) मात्र निवड रचनाकारावर आली. तेथे स्ट्रक्टची प्रत निघते, क्लासचा निर्देश दिला जातो. तिच्या ग्रंथालयातील सूची हा क्लास आहे, पण सूचीतून क्रमाने फिरणारा गणक वेगासाठी स्ट्रक्ट ठेवला आहे. असा गणक केवळ-वाचनीय क्षेत्रात ठेवल्यास प्रत्येक वेळी त्याची प्रतच पुढे सरकते, मूळ गणक जागीच राहतो व फेरी संपतच नाही. भाषांतरकाला यात काहीही वावगे दिसत नाही. स्ट्रक्ट १६ बाइटांहून लहान व अपरिवर्तनीय असावा, हा मायक्रोसॉफ्टचा सल्ला अशा वेळी पटतो.

२०१४ मध्ये ॲपलने आणलेल्या स्विफ्ट भाषेत सूची व कोश हे स्ट्रक्टच आहेत. आतील साठा मात्र सामायिक असतो आणि त्यात दोघांपैकी एकाने प्रथम लेखन केले म्हणजेच प्रत निघते. आजवरच्या तोडग्यांत हा सर्वांत समाधानकारक म्हणावा लागेल. तथापि दुसरा निर्देश कोठे तरी शिल्लक राहिल्यास एका घटकाच्या बदलापायी लाखो घटकांची प्रत निघू शकते. डी भाषेच्या ग्रंथालयात तर सूचीप्रकार स्ट्रक्ट असूनही साठा सामायिक ठेवतात, आणि लाल-काळा वृक्ष हा क्लास आहे.