पुठ्ठ्यात सापडलेले शंभर जोक

शेक्सपिअरच्या 'मच अडू अबाउट नथिंग' या नाटकात बिअॅट्रिस नावाची तिखट जिभेची तरुणी आहे. तिचं हजरजबाबीपण 'हंड्रेड मेरी टेल्स' या पुस्तकातून उचललेलं आहे, असं कुणीतरी म्हटल्याचा तिला राग येतो. आजच्या भाषेत सांगायचं तर, 'तुझे जोक व्हॉट्सअॅपवरून ढापलेले असतात.'

हे नाटक १६०० साली छापलं गेलं. तेव्हाच्या प्रेक्षकांना पुस्तकाचं नाव पुरेसं होतं. पुढे मात्र पुस्तकच गायब झालं, आणि अठराव्या शतकातले अभ्यासक हे नेमकं कोणतं पुस्तक यावर तर्क लढवत बसले.

ते सापडलं एका दुसऱ्याच पुस्तकाच्या पुठ्ठ्यात. जुन्या काळी बाइंडर रद्दीतले छापील कागद एकावर एक चिकटवून पुठ्ठा तयार करायचे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्डचे प्राध्यापक जॉन कॉनीबेअर यांना अशाच एका बांधणीत या जोकबुकाची पानं मिळाली. १८१५ च्या सुमारास ती प्रसिद्ध झाली, पण फाटकी, अर्धवट. नंतर जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या ग्रंथालयात पूर्ण प्रत निघाली. ती लंडनमध्ये जॉन रॅस्टेलने १५२६ साली छापलेली होती. हा रॅस्टेल म्हणजे 'युटोपिया' लिहिणाऱ्या थॉमस मोरच्या बहिणीचा नवरा.

त्यातले काही जोक ऐका. स्वर्गात वेल्सच्या लोकांची बडबड फार वाढते. सेंट पीटर दाराबाहेर जाऊन त्यांच्या भाषेत 'भाजलेलं चीज!' असं ओरडतो. सगळे धावत बाहेर येतात, आणि दार बंद! प्रांतांवरचे जोक आपल्यालाही नवे नाहीत.

त्या काळी फिरणारा एक जोक असा: एकाची बायको नदीत बुडते. नवरा तिला प्रवाहाच्या उलट दिशेने शोधतो, कारण ती जन्मभर उलटंच वागायची. हा जोक रॅस्टेलचा नाही. पोप यांच्या कचेरीत काम करणाऱ्या पोज्जोच्या लॅटिन विनोदसंग्रहात तो पंधराव्या शतकातच आलेला आहे. फॉरवर्ड तेव्हाही फिरत होते.

रॅस्टेलच्या पुस्तकातल्या एकाची बायको मुकी असते. तिला बोलतं करायला तो तिच्या जिभेखाली पान ठेवतो. मग ती थांबतच नाही. नवरा सैतानाकडे धाव घेतो, तर तो म्हणतो, बाईला बोलतं करणं मला जमतं, गप्प करणं नाही.

आणि चौथ्या नवऱ्याच्या अंत्ययात्रेत रडणारी एक बाई. आधीच्या तिघांच्या वेळी प्रेत घराबाहेर पडण्यापूर्वीच पुढचा नवरा ठरलेला होता, या वेळी कुणीच ठरलेला नाही, म्हणून ती रडते. हा जोक मी स्कॅनमध्ये वाचला तेव्हा आधी हसलो. मग त्यातली भीती दिसली. पुरुषाशिवाय आपलं पुढे काय होणार, हा तिचा प्रश्न आहे. सरकारी दस्तऐवजात तिचं लग्न नोंदलेलं असेल, पण ही धाकधूक तिथे कोण लिहिणार? ती जोकात राहिली, तीही तिची थट्टा करण्यासाठी.

बहुतेक जोकांच्या शेवटी तात्पर्यही आहे. म्हणजे हसवता हसवता कोणी कसं वागावं, तेही सांगून टाकलेलं.

बिअॅट्रिसला तो टोमणा इतका का झोंबला असेल, हे आता मला कळतं. त्या पुस्तकात बोलणारी बाई हाच एक जोक होता. आणि लोक म्हणत होते की ही बोलायला तिथेच शिकली.