धमनींतील दाह : एका जुन्या वादाची कथा

धमनीचा विकार म्हणजे नळांत सांचलेला गाळ, अशी आपल्यापैकीं पुष्कळांची समजूत असते. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. 19व्या शतकाच्या मध्यास जर्मन पंडित रुडॉल्फ फिर्खो यांनीं धमनीच्या भिंतींत दाह पाहिला; व्हिएन्नाच्या रोकिटान्स्कींनीं तो गौण लेखिला. पुढें 1913 सालीं निकोलाय अनिच्कोव्ह यांनीं सशांना कोलेस्टेरॉल चारून त्यांच्या धमन्या विकृत करून दाखविल्या, आणि मेदाच्या पक्षाचें पारडें जड झालें.

तथापि फारशी अरुंद न झालेली धमनीहि एकाएकीं कां बंद पडावी, याचा उलगडा केवळ गाळानें होईना. भिंतींत शिरलेल्या पांढऱ्या पेशी मेदावरील पातळ आवरण झिजवितात. तें फाटलें कीं रक्त गोठतें, असें कालांतरानें दिसून आलें. 2017 सालीं प्रसिद्ध झालेल्या, 10,061 हृद्रोग्यांवरील प्रयोगांत कॅनाकिनुमॅब या औषधानें कोलेस्टेरॉल न घटवितां दाह शमविला. त्याच्या मधल्या मात्रेनें हृदयाचे झटके व तत्सम आपत्ति सुमारें 15 टक्क्यांनीं कमी झाल्या. फिर्खोंच्या मताला असा आधार मिळाला.

परंतु त्याच प्रयोगांत औषध घेणारांपैकीं जंतुसंसर्गानें दगावलेले रोगी अधिक होते. धमनी दुबळी करणारा दाह देहाचा पहारेकरीहि आहे. तेव्हां त्याला शमवावें किती आणि राखावें किती, हा आतां वैद्यकापुढील प्रश्न होय.