ओळख-पडताळणी, संगणकीय

संगणक वापरू पाहणारी व्यक्ती ही ती स्वतःला जी म्हणवते तीच आहे, याची खात्री करून घेण्याची पद्धती. या खात्रीचे तीन आधार मानले जातात : व्यक्तीला ठाऊक असलेली गोष्ट (परवलीचा शब्द), तिच्याजवळ असलेली वस्तू (किल्ली, कार्ड, भ्रमणध्वनी) आणि तिच्या देहाची खूण (बोटाचा ठसा, डोळ्याचे बुबुळ, चेहरा). एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून पहिल्या आधाराची जागा तिसरा आधार घेऊ लागला आहे. तथापि हे तिन्ही आधार संगणकाहून पुष्कळ जुने असून त्यांचे सामर्थ्य व मर्यादा कोल्हापूर परिसराच्या इतिहासातही दिसून येतात.

पूर्वपीठिका : मराठेशाहीत कागदाची सत्यता शिक्क्यावर अवलंबून असे. पत्राच्या आरंभी मुद्रा व अखेरीस मोर्तब उमटविले जाई. त्यामुळे मजकुरात मागाहून भर घालण्यास वाव राहत नसे. गावगाड्यातील निरक्षर वतनदार महजरावर आपापल्या व्यवसायाची निशाणी काढीत. पाटलाचा नांगर ही त्यांपैकी सर्वांत परिचित होय. शिक्का चोरीस जाऊ शकतो आणि नांगर कोणीही काढू शकतो, हे उघड होते. म्हणून निशाणीला गोही म्हणजे साक्षीदार यांची जोड दिली जाई.

प्रत्यक्ष माणसाची ओळख पटविण्याचा प्रसंग येई, तेव्हा अडचण अधिक गंभीर होई. १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून आलेले शाहू हे खरे शाहू नसून तोतया आहेत, अशी भूमिका महाराणी ताराबाईंनी घेतली. शाहू वयाच्या आठव्या वर्षी कैद झाले होते व पंचविसाव्या वर्षी परतले होते. बालपणीचा चेहरा पाहिलेल्यांनाही ते ओळखता येतीलच असे नव्हते. अखेर सरदारांचा विश्वास निर्णायक ठरला व धनाजी जाधव शाहूंना मिळाले. पुढे सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या आणि १७३१ च्या वारणेच्या तहाने त्यांच्यातील सीमा ठरली. रामराजे हे आपले नातू असल्याचे ताराबाईंनीच सांगितल्यावरून ते १७५० मध्ये साताऱ्याच्या गादीवर बसले. त्याच वर्षी त्यांना कैद करून ते आपले नातू नव्हेत, असे ताराबाईंनी जाहीर केले आणि १७५२ मध्ये जेजुरीस खंडोबासमोर तशी शपथही घेतली. एकाच व्यक्तीच्या शब्दावर राजाची ओळख उभी राहिली आणि कोसळली.

अंगठ्याचा ठसा : देहाची खूण कागदावर आणण्याचा पद्धतशीर प्रयत्न भारतातच झाला. बंगालमधील जंगीपूर येथील अधिकारी विल्यम हर्शेल यांनी १८५८ मध्ये राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारपत्रावर घेतला. १८९७ मध्ये कलकत्ता येथे ठसे कार्यालय स्थापन झाले. एडवर्ड हेन्री यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणाचे बरेचसे काम अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी केले होते. दस्तऐवजांच्या नोंदणीत निरक्षरांच्या सहीऐवजी अंगठा घेण्याची पद्धत रूढ झाली. मात्र लोकव्यवहारात ती शिक्षणाच्या अभावाची खूण ठरली आणि ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द हिणविण्यासाठी वापरला जाऊ लागला. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. अशा प्रयत्नांतून अंगठ्याची जागा सही घेत गेली. शतकभरानंतर सुशिक्षितही अंगठा टेकवूनच यंत्र उघडू लागले, हा या इतिहासातील लक्षणीय विपर्यास होय.

परवलीचा शब्द : छावणीच्या चौकीवर विचारला जाणारा गुप्त शब्द संगणकात आला तो १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रशिक्षणसंस्थेत फर्नांडो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी प्रणाली तयार केली. प्रत्येकाच्या फायली स्वतंत्र राखण्यासाठी प्रत्येकाला शब्द देण्यात आला. १९६२ मध्ये तेथील ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने अधिक वेळ मिळविण्यासाठी सर्व शब्दांची यादी छापून घेतली, तर १९६६ मध्ये प्रणालीतील चुकीमुळे हीच यादी प्रत्येक वापरकर्त्यासमोर प्रकट झाली. पुढे शब्दाऐवजी त्याचे एकदिशी गणिती रूपांतर साठविण्याचा उपाय निघाला. या रूपांतरावरून मूळ शब्द काढणे दुष्कर असते. तरीही माणसे सोपे शब्द निवडतात, एकच शब्द अनेक ठिकाणी वापरतात आणि विसरतात, हा दोष कायम राहिला.

कोल्हापूर परिसरातील ग्रामीण संगणकीकरणाचा आरंभीचा प्रयोग वारणानगर येथे १९९८ मध्ये सुरू झाला. वारणेच्या दोन्ही तीरांवरील, म्हणजे कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील, सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उघडून ती सहकारी साखर कारखान्याच्या व्यवहाराशी जोडण्यात आली. ऊसनोंदणी, तोडणीची परवानगी आणि पैशांचा हिशेब यांची माहिती शेतकऱ्यास गावातच मिळू लागली. तेथे संगणक हाताळी तो केंद्रचालक. शेतकरी त्याच्यासमोर उभा राही. यंत्राच्या दारी असा ओळखीचा माणूस असल्याने गोहीचे काम आपोआप होई. पुढील काळात यंत्रच थेट नागरिकाची ओळख विचारू लागले.

जैविक पडताळणी : बोटावरील उंचवट्यांच्या रेषा जेथे संपतात किंवा दुभंगतात, त्या बिंदूंची परस्परस्थिती यंत्र अंकांत नोंदवते आणि नव्या ठशाशी ती ताडून पाहते. दोन ठसे पूर्णतः सारखे कधीच उमटत नाहीत. म्हणून किती साम्य पुरेसे मानावयाचे, याची मर्यादा ठरवावी लागते. ती सैल ठेवल्यास परका आत येतो, कडक ठेवल्यास खऱ्या माणसाला दार बंद होते. परवलीच्या शब्दाचे उत्तर ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असते. देहाच्या खुणेचे उत्तर ‘बहुधा’ एवढेच असते. २०१३ मध्ये ॲपलच्या आयफोनवर व २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीत ही सोय आल्यानंतर तिचा झपाट्याने प्रसार झाला.

भारतात तिचा सर्वांत मोठा वापर आधार योजनेत झाला. या योजनेचा प्रारंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातीलच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी झाला. तीत दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळे व छायाचित्र घेतले जाते. शिधावाटप दुकानांत बोट टेकवून धान्य देण्याची पद्धत आल्यावर मात्र या खुणेची मर्यादा उघड झाली. ऊसतोडणी, गुऱ्हाळ, फौंड्री किंवा बांधकाम यांत राबणाऱ्या हातांवरील रेषा झिजतात, वृद्धांच्या पुसट होतात. ज्यांच्यासाठी धान्य, त्यांचेच बोट यंत्राने नाकारण्याचा संभव त्यामुळे अधिक असतो. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात योजना बहुमताने वैध ठरविली. परंतु पडताळणी अयशस्वी झाल्याने कोणीही लाभापासून वंचित राहू नये, असेही म्हटले. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी भिन्न मत नोंदविले. निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी २०२१ पासून चेहऱ्यावरून पडताळणीची सोय उपलब्ध झाली.

मूल्यमापन : परवलीचा शब्द फुटला तर बदलता येतो, शिक्का हरवला तर नवा घडविता येतो, बोट बदलता येत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कर्मचारी कार्यालयातून सुमारे ५६ लाख व्यक्तींचे ठसे चोरीस गेल्याचे उघड झाले. त्या व्यक्तींच्या बाबतीत ही हानी आयुष्यभराची आहे. या अनुभवामुळे ठसा मध्यवर्ती भांडारात न ठेवता व्यक्तीच्या स्वतःच्या उपकरणातच ठेवण्याकडे कल वाढला. २०२२ पासून प्रसार पावलेल्या ‘पासकी’ पद्धतीत बोट केवळ उपकरण उघडते. दूरच्या संगणकाला खात्री पटते ती उपकरणातील गुप्त अंकीय किल्लीने. म्हणजे शिक्का व देहाची खूण यांचा येथे संयोग होतो. परवलीचा शब्द मागे पडत असला, तरी एकट्या देहाने त्याची जागा पूर्णपणे घेतलेली नाही. नांगराच्या निशाणीला ज्या कारणाने गोहीची गरज होती, त्याच कारणाने बोटाच्या ठशालाही दुसऱ्या पुराव्याची, आणि तो न जुळल्यास माणसाचे म्हणणे ऐकून घेणाऱ्या पर्यायी व्यवस्थेची गरज असते.