डहाणूची धर्मार्थ नाव

१/ डहाणूच्या नदीवरील नावेची एक प्राचीन नोंद डहाणूत नव्हे, तर नाशिकच्या पांडवलेण्यांत, लेणे क्रमांक १० मध्ये कोरलेली आहे.

२/ क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तापी, दमण, दाहनुका अशा सहा नद्यांवर 'पुण्यतर' सुरू केले, असे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील हा लेख सांगतो. अभ्यासकांच्या मते दाहनुका म्हणजेच डहाणू. पुण्यतर म्हणजे भाडे न घेता वाटसरूंना पैलतीरी नेणारी नाव. दोन्ही तीरांवर विसाव्याच्या शाळा आणि पाणपोयाही होत्या.

३/ पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव करून त्याच्या चांदीच्या नाण्यांवर स्वतःचा छाप उमटवला. १९०६ साली जोगळटेंभीला अशी हजारो नाणी सापडली.

४/ नाणी बदलली, लेख मात्र राहिला. म्हणूनच ही नाव आज ठाऊक आहे.