नोकरीचं पत्र हाती आलं, पण आजारी पडलात तर पगाराचं काय?

शेवगावच्या आपल्या मुलांना बारावी किंवा आयटीआय झाली की नोकरीसाठी बाहेर पडावं लागतं. कुणी अहिल्यानगरच्या एमआयडीसीत, कुणी सुप्याला, कुणी वाळूजला. परवा माझा एक जुना विद्यार्थी भेटला. नोकरीला लागून चार महिने झाले होते. कावीळ झाली, सतरा दिवस घरी पडून होता आणि तेवढ्या दिवसांचा पगार कापला गेला. "सर, सही केली, पण पत्र वाचलंच नव्हतं," म्हणाला. पत्र चार पानी, इंग्रजीत. तिसऱ्या पानावर सगळं लिहिलेलं होतं. म्हणून ही माहिती घरात एकाला तरी असावी.

आधी ओळखा, पैसे देणार कोण?

आजारपणातल्या दिवसांचे पैसे दोनच वाटांनी येतात. एक, मालकाची पगारी रजा. दुसरी, ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा. दोन्ही नसतील तर 'बिनपगारी'. पत्र वाचताना हा एकच प्रश्न डोक्यात ठेवा.

दुकान, शोरूम, ऑफिस

इथे महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागतो. त्यात आजारपणाची वेगळी रजा नाही. वर्षाला ८ किरकोळ रजा पगारी मिळतात. त्या दर तिमाहीला थोड्या थोड्या जमा होतात आणि वर्षअखेर उरल्या तर बुडतात. वर्षात २४० दिवस काम भरलं, तर पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे १ भरपगारी रजा मिळते. ही ४५ दिवसांपर्यंत साठवता येते.

सणाच्या ८ पगारी सुट्ट्या वेगळ्या. त्यातल्या चार ठरलेल्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. बाकी चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. ईद त्या चारांत बसवून घ्या, म्हणजे किरकोळ रजा आजारपणासाठी शिल्लक राहील.

मात्र छोट्या दुकानांना हे लागू नाही. आधी मर्यादा १० कामगारांची होती, २०२५ मध्ये ती २० झाली. तिथे पत्रात लिहून घेतलेलंच कामाला येतं.

ईएसआय असेल तर

१० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांसाठी ही योजना आहे. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ टक्के भरतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे.

उपचार पहिल्या दिवसापासून मिळतात. आजारपणाचे पैसे मात्र नव्या माणसाला पहिले ९ महिने मिळत नाहीत. पुढेही सहा महिन्यांच्या काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. मग रोजच्या पगाराच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. आजारपणाचे पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत.

हिशेब करून बघा. पगार १५,००० म्हणजे ढोबळमानाने रोज ५००. त्याचे ७० टक्के ३५०. पंधरा दिवस आजारी असाल तर दोन वजा जाऊन १३ दिवसांचे ४,५५० रुपये. त्यासाठी दाखला ईएसआयच्या डॉक्टरचा लागतो. गावातल्या खासगी डॉक्टरची चिठ्ठी चालेल असं गृहीत धरू नका.

माझ्या विद्यार्थ्याचे नऊ महिने भरले नव्हते, म्हणून पैसे मिळाले नसतेच. पण औषधपाणी मोफत झालं असतं. ते माहीत नसल्यामुळे अब्बूंनी उसनवारी करून खासगी दवाखान्याचं बिल भरलं.

साखर कारखाना आणि जिनिंग

आपल्या तालुक्यात ऊसही आहे आणि कापूसही. साखर आणि सरकी काढण्याचे कारखाने कायद्यात 'हंगामी' धरले जातात आणि हंगामी कारखान्याला ईएसआय लागत नाही. तिथे लागताना आजारपणाची रजा किती, हे आधीच विचारा.

सही करण्याआधी हे विचारा

- आजारपणाची रजा वर्षाला किती? पगारी की बिनपगारी?
- प्रोबेशनच्या काळात ती मिळते का?
- कितव्या दिवसापासून डॉक्टरचा दाखला लागतो? कळवायचं कुणाला?
- न कळवता किती दिवस गैरहजर राहिलं तर 'नोकरी सोडली' असं धरतात?
- ईएसआय कापणार का? कापणार असतील तर १० आकडी विमा क्रमांक कधी मिळेल?
- कामावर ठेवणारा कंपनी की ठेकेदार? ठेकेदाराने वर्गणी बुडवली तर मूळ कंपनीला भरावी लागते.

वर्गणी भरली जाते की नाही, हे उमंग ॲपवर दिसतं. शंका असेल तर ईएसआयचा मोफत क्रमांक १८००-११-२५२६ आहे.

आजारी पडलात तर त्याच दिवशी मोबाइलवर लेखी कळवा आणि तो मेसेज पुसू नका. सही केलेल्या पत्राची एक प्रत घरी ठेवा. इंग्रजी जमत नसेल तर शाळेतल्या कुठल्याही शिक्षकाकडे घेऊन या. वाचून दाखवायला पंधरा मिनिटं लागतात, आणि विचारण्यात लाज कसली?